सोवळ्यातलं दुखणं

माझ्या सासूबाईंना वर्षभर संडासवाटे रक्त जात होतं आणि घरात कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. कुणालाही म्हणजे मलाही. आणि मी कोण, तर सरकारी आस्पत्रीच्या लॅबमध्ये काम करणारी बाई. लोकांचं रक्त, लघवी, संडास यांचे नमुने दिवसभर तपासायचे, हीच माझी नोकरी. आता हसा मला. मी स्वतःला एवढी हसले आहे की तुमच्या हसण्याचं मला काही वाटणार नाही.

मी मिरजेची. मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. वळकट्या बांधून, डबे घेऊन कुठकुठून माणसं तिथं दुखणी घेऊन येतात. मी लहानपणापासून ते बघत आले, त्यामुळे आजारी माणसाची मला कधी किळस वाटली नाही. लॅबचा डिप्लोमा तिथंच केला आणि लग्न होऊन चेन्नईला आले. सासर तंजावरच्या मराठी माणसांचं. पिढ्यान्‌पिढ्या इकडं राहिलेली माणसं, मैलापूरला तळ्यापासून दोन गल्ल्या आत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट नाही. सासूबाई बोलायला लागल्या की जुनी पोथी कुणी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटायचं. पहिलं वर्षभर मला निम्मं कळायचं नाही. त्यांचं बोलणं मी इथं जसंच्या तसं लिहीत नाही, कारण मला ते जमत नाही आणि चुकलेलं त्यांना आवडलं नसतं.

मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी नोकरी शोधली. तमिळ तोवर भाजीवाल्यांशी भांडण्याइतकं येत होतं. सरकारी आस्पत्रीत कंत्राटावर जागा मिळाली. मी पेढे घेऊन घरी आले, तर सासूबाई म्हणाल्या, "धर्मास्पत्रीत?" इकडं सरकारी दवाखान्याला जुनी माणसं असंच म्हणतात. धर्माचा दवाखाना, म्हणजे ज्याला दुसरं दार नाही त्याचा. "आपल्यातलं कुणी तिथं कधी पाऊल ठेवलेलं नाही," त्या म्हणाल्या. पेढा मात्र खाल्ला. देवळातल्या बायकांना त्यांनी सांगितलं, सून कंपनीत असते. कुठल्या कंपनीत ते कुणी विचारलं नाही. नवरा श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात स्टोअर्सला आहे, पहाटे कंपनीच्या बसनं जातो, त्यामुळे आमच्या घरात कंपनी या शब्दावर कुणाला शंका येत नाही.

घरी आमच्याकडे मडी. मडी म्हणजे सोवळं, इकडं तोच शब्द चालतो. मी कामावरून आले की चपला दाराबाहेर, पिशवी दाराबाहेर, आणि थेट न्हाणीघर. डोक्यावरून आंघोळ. तोवर कशाला शिवायचं नाही, पाणीसुद्धा मागायचं नाही. मे महिन्यात, घामानं अंग चिकटलेलं, घशाला कोरड पडलेली, आणि सासूबाई लांबून बघतायत मी कुठं हात लावते का. सुरुवातीला एकदा जेवताना मी सहज सांगितलं की आज एका मुलाच्या नमुन्यात एवढे जंत होते. सासूबाईंनी पान बाजूला सारलं आणि उठून गेल्या. नवरा म्हणाला, "घरात हे विषय नकोत." तेव्हापासून नाही काढले. सतरा वर्षं नाही काढले.

मला राग यायचा. खोटं कशाला सांगू, भयंकर राग यायचा. लोकांच्या घाणीला आम्ही हात लावतो म्हणून लोक बरे होतात, आणि इथं मला आठवड्यातले सहा दिवस विटाळशी केलेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी भांडले नाही. मी गप्प राहायला शिकले, आणि गप्प राहण्यात एक सूडही असतो हे मला फार लवकर कळलं. नसेल ऐकायचं तर नका ऐकू, मला काय पडलंय.

आता डॉक्टरांबद्दल. दोन गल्ल्या सोडून एका खोलीचा त्यांचा दवाखाना. बाक एक, पंखा एक, कंपाउंडर नाही. वय पंचाहत्तरीच्या पुढं. तेही तंजावरचे मराठी, माझ्या गेलेल्या सासऱ्यांचे लहानपणापासूनचे मित्र. आपल्या माणसांकडून ते फी घेत नाहीत, चाळीस वर्षांत घेतलेली नाही. माणूस सोन्यासारखा, यात काडीचीही शंका नाही. पुराच्या दिवसांत माझ्या मुलीला ताप भरला होता तेव्हा ते गुडघाभर पाण्यातून चालत आले, छत्री एका हातात आणि औषधाची पिशवी डोक्यावर. असल्या माणसाला दुसऱ्या डॉक्टरचं नाव सांगायचं म्हणजे तोंडात मारल्यासारखं. आमच्याकडे कुणाला खोकला झाला तरी आधी तिकडं, आणि मोठं काही झालं तरी आधी तिकडंच. सणाला त्यांचं पान आमच्याकडे. डांगर पचडी त्यांना आवडते म्हणून सासूबाई ती स्वतः करायच्या, मला उडदाचं पीठ भाजू द्यायच्या नाहीत.

सासूबाई त्यांना डॉक्टरभाऊजी म्हणायच्या. भाऊजी म्हटलं की सगळं आलंच. ते दारात आले की यांनी पदर दोन्ही खांद्यांवर ओढून घ्यायचा, स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभं राहायचं, आणि तिथूनच उत्तरं द्यायची. "झोप लागते का, वहिनी?" "लागते." "भूक?" "आहे." मग ते नाडी बघायचे, पोलक्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून ब्लडप्रेशर घ्यायचे, डोळ्याची पापणी खाली ओढायचे. पोटाला हात लावून तपासलेलं मी कधी बघितलं नाही. वहिनींच्या पोटाला हात कसा लावणार? दोघंही एकमेकांची मर्यादा राखत होती. त्या मर्यादेनं एकीचा जीव घेतला, हे मी आज स्पष्ट लिहिते.

नवरात्रात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या, बाहुल्या माळ्यावरून काढायला त्या दरवर्षी स्वतः स्टुलावर चढायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्या वर्षी चढल्या आणि तशाच उतरल्या. म्हणाल्या, "तू काढ." जिना चढताना पहिल्या मजल्याच्या वळणावर बसायला लागल्या. ओठ पांढरे. आणि आणखी एक गोष्ट. त्यांचं सोवळ्याचं लुगडं त्या पहिल्यापासून स्वतः धुवायच्या, आतल्या खोलीत उंच बांबूवर वाळत घालायच्या, त्याला कुणी शिवायचं नाही. आता त्या सगळंच धुवायला लागल्या. रोजचं लुगडं, परकर, अंथरुणावरची चादरसुद्धा. भल्या पहाटे, नवरा कंपनीची बस धरायला निघायच्या आधी, न्हाणीघराचं दार लावून. वॉशिंग मशिनला त्यातलं काही द्यायचं नाही. मी मिरजेला बहिणीला फोनवर सांगितलं, "अगं, सासूबाईंचं सोवळं वाढलंय. आता चादरीसुद्धा मडीच्या!" आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

रक्त मात्र मी तपासलं. दिवाळी झाल्यावर एका रविवारी त्यांच्या हातातून रक्त काढलं आणि सोमवारी लॅबमध्ये लावलं. हिमोग्लोबिन सात. आमच्या लॅबच्या डॉक्टरबाईंचं एक ठरलेलं वाक्य आहे: म्हाताऱ्या माणसाचं रक्त कमी दिसलं तर औषध देण्याआधी विचारा, ते गेलं कुठं. मला ते पाठ होतं. रिपोर्ट घेऊन मी संध्याकाळी म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, एकादशी करतात, चतुर्थी करतात, खातात काय चिमणीएवढं, रक्त राहणार कुठून? लोहाच्या गोळ्या दिल्या, टॉनिक दिलं, पैसे अर्थातच नाही. मी म्हटलं, "काका, संडासची तपासणी करून बघूया का? रक्त जातंय का ते कळेल." ते हसले. "वहिनी नमुना देतील तुझ्याकडे?" मलाही हसू आलं. सासूबाई प्लास्टिकची डबी हातात धरून उभ्या आहेत हे चित्रच असं होतं. आम्ही दोघं हसलो आणि विषय संपला.

तिथं संपायला नको होता. घरी जाऊन मी एक वाक्य विचारायचं होतं, एकच. जिना चढत मी ते तोंडात जुळवलंही होतं. मग दारात चपला काढल्या, पिशवी बाहेर ठेवली, न्हाणीघराकडे वळले, आणि सासूबाई मी कुठं शिवत नाही ना ते बघत लांब उभ्या राहिल्या. डोक्यावरून पाणी घेताना मी ठरवलं, जाऊ दे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात ना? मी कोण मग, लॅबवाली.

पोंगलच्या आदल्या दिवशी त्या जिन्यात चक्कर येऊन पडल्या. नवरा घरी होता. त्यानं त्यांना उचलून टॅक्सीत घातलं आणि एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात नेलं. आईला चांगलं मिळालं पाहिजे, हे त्याचं म्हणणं, आणि चांगलं म्हणजे काचेची दारं. डॉक्टर खरोखर हुशार होता. त्यानं विचारायचं ते सगळं विचारलं, पण नवऱ्याला विचारलं, इंग्रजीत. मदरना कुठून ब्लीडिंग वगैरे? नवरा म्हणाला, नो, नो. त्यानं आईकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी आई मुलाच्या तोंडावर काय सांगणार होती? मी पलंगाच्या पायथ्याशी उभी. सासूबाई छताकडे बघत होत्या. त्यांना रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या. मग एक बाई पुढच्या तपासण्यांच्या खर्चाचा छापलेला कागद घेऊन आली, वरून एक नळी, खालून एक नळी, स्कॅन, खोलीचं भाडं. नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात बायको येते, मुलगी येते, आई येत नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा नवा विमा कोण काढणार? तरी नवरा ठेव मोडायला तयार होता, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. सासूबाईंनीच नकार दिला. "भाऊजींना विचारा," म्हणाल्या.

भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "या वयात नळ्या घालून छळ कशाला? लोहाची इंजेक्शनं देऊ." आणि स्वतः जिने चढून येऊन इंजेक्शनं देत राहिले.

मी एकदा तोंड उघडलं. म्हटलं, "आई, आमच्याकडे चला. तीच नळी, तीच तपासणी, एक रुपया पडत नाही. मी असेन बरोबर." त्या म्हणाल्या, "तुझ्या आस्पत्रीत मी मेल्यावर ने." नवरा मोबाइलमध्ये बघत होता. मला तेव्हा जे कळलं ते असं: आमच्या घराला फुकटचं वावडं नव्हतंच. भाऊजींचं फुकट ते प्रेम आणि सरकारचं फुकट ती भीक. धर्माची गाय, दात का नाय, असं भाऊजींच्या औषधाबद्दल कुणी कधी विचारलं नाही आणि सरकारी आस्पत्रीचे दात मात्र न बघताच पडलेले ठरवले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. राहिलं, म्हटलं मी. त्यांचा जीव, त्यांचा हट्ट. नंतरचे सहा महिने मी तो विषय काढला नाही.

आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास, एका सकाळी त्यांचं पोट फुगून टणक झालं. दोन दिवस संडासला झालीच नव्हती, हे नंतर कळलं. उलट्या सुरू झाल्या. नवरा कारखान्यात, फोन लॉकरमध्ये. शेजारच्यांनी खुर्चीवर बसवून खाली आणलं. रिक्षावाल्यानं विचारलं कुठं, आणि मी माझ्या आस्पत्रीचं नाव सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. भांडायचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

आमच्या आस्पत्रीचं मी गोडवे गाणारं वर्णन करणार नाही. गर्दी अशी की स्ट्रेचर हलवायला माणसं बाजूला करावी लागतात. लांबच्या गावाहून आलेले लोक पहाटेपासून चिठ्ठी धरून बसतात, आणि एवढ्या चांगल्या डॉक्टरांना एका रोग्यासाठी एवढा थोडा वेळ का मिळावा, या विचारानं माझं डोकं रोज फिरतं. पण त्या गर्दीमुळेच तिथं एक नियम आहे: नातेवाईक बाहेर. मी कर्मचारी म्हणून आत गेले, तरी मला पडद्यामागंच उभं केलं. आत एक डॉक्टर पोरगी होती, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, केसांना रबर बांधलेलं, डोळे झोपेनं सुजलेले. तिनं सासूबाईंच्या पोटावर सरळ हात ठेवला आणि तमिळमध्ये विचारलं, "पाटी, संडासवाटे रक्त जातं का?" पाटी म्हणजे आजी.

"जातं, अम्मा," सासूबाई म्हणाल्या.

"किती दिवस?"

"गेल्या आडीपासून."

मी पडद्यामागं फाइल धरून उभी होते. सासूबाई सांगत गेल्या. रंग सांगितला, किती ते सांगितलं, दिवसातून किती वेळा ते सांगितलं. लुगड्याला लागायचं म्हणून पहाटे उठून धुवायच्या, ते सांगितलं. चादरी थंड पाण्यात भिजवायच्या, गरम पाण्यानं डाग बसतो, तेसुद्धा सांगितलं. पोरगी लिहीत होती आणि "शरि पाटी, शरि," म्हणजे बरं आजी, बरं, असं म्हणत होती. तीन मिनिटं लागली असतील. वर्षभर मुलगी धरून आम्ही चौघं, त्यात एक डॉक्टर आणि एक लॅबवाली, आणि त्या पोरीला तीन मिनिटं लागली.

आतड्याचा कॅन्सर, मार्ग बंद झालेला. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. सर्जननं पोटावर वाट काढून पिशवी लावली. यकृतात पसरला होता. "सहा-आठ महिने आधी आणलं असतं तर वेगळं बोललो असतो," ते म्हणाले, साध्या आवाजात, माझ्याकडे न बघता. मी मनात महिने मोजले. माझा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आठ महिन्यांपूर्वीचा होता.

संध्याकाळी नवरा आला आणि व्हरांड्यातच माझ्यावर ओरडला. "तू तिथं काम करतेस, आणि तुला कळलं नाही?" मीही ओरडले. "तू सांगितलं होतंस ना घरात हे विषय नकोत? 'नो, नो' कोण म्हणालं इंग्रजीत?" माणसं बघत होती. मग तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

वॉर्डात सासूबाई अकरा दिवस होत्या. मला वाटलं होतं मडीच्या नावानं रोज एक महाभारत होईल. कसलं काय! शेजारच्या खाटेवर एक फुलं विकणारी बाई होती, पलीकडे ओरगडमच्या कारखान्यात झाडणारी. तिघींच्या पोटावर टाके. त्या दिवसभर एकमेकींना आपापल्या आतड्यांचे हालहवाल सांगायच्या, हसायच्या, टाके दुखतात म्हणून पोट धरायच्या. फुलवालीच्या डब्यातली इडली सासूबाईंनी खाल्ली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. सतरा वर्षांत मी त्यांच्या तोंडून जेवढं ऐकलं नव्हतं तेवढं त्या अकरा दिवसांत ऐकलं, आणि त्यातलं बरंचसं मला उद्देशून नव्हतं.

घरी आणल्यावर म्हातारे डॉक्टर आले. दोन मजले चढायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. खुर्चीवर बसून दम खाल्ला आणि म्हणाले, "वहिनी, मला का नाही सांगितलंत?" सासूबाईंनी पडल्या पडल्या पदर ओढून पोटावरची पिशवी झाकली. "तुम्हांला कसं सांगू, भाऊजी?" त्या म्हणाल्या.

माझा तोल गेला. मी म्हटलं, "काका, तुम्ही विचारलंत कधी?"

"नाही विचारलं," ते म्हणाले. एवढंच. सबब नाही, वयाचं कारण नाही. मग पिशवीतून ब्लडप्रेशरचं यंत्र काढलं आणि नेहमीसारखं बाहीवरून गुंडाळलं. मला त्यांच्याशी कडाकडा भांडायचं होतं, गल्लीला ऐकू जाईल असं. पण मान्य करून बसलेल्या माणसाशी भांडणार कसं? मी कॉफी केली आणि त्यांच्यापुढं ठेवली.

त्या त्यानंतर तीन महिने जगल्या. पोटावरची पिशवी मीच बदलायची. नवऱ्याला जमलं नाही, त्यानं एकदा प्रयत्न केला आणि बाहेर जाऊन उलटी केली. नर्स ठेवायची तर रोज एक नवीन बाई, आणि सासूबाईंना माझाच हात हवा असायचा. कामावरून आल्यावर मी सवयीनं न्हाणीघराकडे वळायची तर त्या आतून हाक मारायच्या, "आधी इकडे ये ग, भरली आहे." आधी इकडे! मी तशीच, बाहेरच्या कपड्यांत, त्यांच्या पलंगावर बसायची. सतरा वर्षांची मडी एका पिशवीनं संपवली. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. रागच आला, इतक्या सहज संपणारी गोष्ट होती तर आधी का नाही संपली म्हणून.

मी रोज विचारायची, आज किती वेळा, पातळ की घट्ट, रंग कसा, आणि त्या भाजीचा भाव सांगावा तसं सांगायच्या. एका दुपारी मी जुनी पिशवी काढून कातडी कोमट पाण्यानं पुसत होते. त्या म्हणाल्या, "हात हलका आहे तुझा."

"रोजचंच काम आहे, आई," मी म्हटलं.

"तेच ना," त्या म्हणाल्या. "तुझं तर हेच काम. मी रोज वाट बघायची. वाटायचं, आज ही विचारेल."

मी पुसायचं थांबले.

"मीच तुला बोलू दिलं नाही, ते खरं. पण सासूनं आपण होऊन सांगायचं कसं असलं? तू विचारायचं होतंस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं मी."

मी म्हटलं, "सांगितलं नसतंत, आई. तुम्ही उठून गेला असता."

"पहिल्यांदा गेले असते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा सांगितलं असतं."

नवी पिशवी लावताना कडेनं बोट फिरवून दाबावी लागते, हवा राहिली तर गळते. मी गोल बोट फिरवत राहिले. त्या डोळे मिटून पडल्या होत्या, मी काहीतरी म्हणेन म्हणून थांबल्या असाव्यात. काय म्हणणार होते मी? मला कळत होतं. सात आकडा बघितला त्याच संध्याकाळी कळत होतं, काय विचारायचं तेही कळत होतं. मी रुसले होते. हे मी त्यांना त्या दुपारी सांगितलं नाही, आणि दिवाळीच्या आधी त्या गेल्या.